उत्तेजनार्थ बक्षिसाच्या पलीकडे : मंडळीत एकमेकांना प्रीती व सत्कर्मांकडे कसे न्यावे

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक मेळाव्यात बायबलमधील वचनांच्या पाठांतराची स्पर्धा असते. पहिले तीन क्रमांक जाहीर झाले की उरलेल्या दोघातिघांना स्टीलचा एकेक डबा मिळतो आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीस म्हणतात. मंडळीत आपण एकमेकांना जे उत्तेजन देतो, तेही बहुतेक वेळा याच डब्यासारखे असते. कार्यक्रम संपताना आभार मानले जातात, टाळ्या वाजतात आणि ज्याचे कौतुक झाले तो दुसऱ्या दिवशी होता तिथेच असतो. इब्री लोकांस पत्राच्या १० व्या अध्यायातील २४ वे वचन मात्र अशा कौतुकाविषयी बोलत नाही. प्रीती आणि सत्कर्मे यांस उत्तेजन येईल अशा रीतीने आपण एकमेकांकडे लक्ष द्यावे, असे ते सांगते, आणि त्यातले मुख्य क्रियापद लक्ष देणे हे आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ निरखून पाहणे, नीट विचारात घेणे असा आहे, आणि निरखायचे आहे ते कामाला नव्हे, योजनेलाही नव्हे, तर माणसाला. ज्या शब्दाचे भाषांतर 'उत्तेजन' असे झाले आहे तो 'पारोक्सिस्मोस' हा शब्द तर चांगलाच तिखट आहे. ग्रीक वैद्य तापाच्या उसळीसाठी तो वापरत, आणि नव्या करारात तो अवघ्या दोनदा येतो : एकदा येथे, आणि एकदा प्रेषितांची कृत्ये १५:३९ मध्ये, जेथे प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात कडाक्याचे भांडण होऊन ते वेगळे झाले. थोडक्यात, टोचणी लागली पाहिजे. पण कोणाला कोठे आणि किती टोचायचे हे ज्याने त्या माणसाकडे बराच काळ नीट पाहिले आहे त्यालाच कळते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. त्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीच्या अनुभवातून आल्या असल्या, तरी कॅथॉलिक पॅरिशमध्ये किंवा घरगुती सहभागितेत थोड्या फरकाने त्या लागू पडाव्यात.

पहिली पायरी : एक शब्द दुरुस्त करणे

कोणताही उपक्रम सुरू करण्यापूर्वी 'सेवा' या शब्दाकडे पाहावे लागते, कारण आपल्या बोलण्यात तो फारच आक्रसला आहे. "आज सेवा कोणाची?" याचा आपल्याकडे अर्थ होतो, आज संदेश कोण देणार? सेवक म्हणजे पाळक, आणि सेवेत जाणे म्हणजे सेमिनरीत, पाळकांच्या शाळेत, जाणे. त्यामुळे प्रीतिभोजनासाठी पहाटे पाचला उठून वीस किलो कांदा चिरणाऱ्या बाईला आपण सेवा करतो असे वाटत नाही, आणि व्यासपीठावर उभे राहता न येणारा तरुण आपल्याला सेवेचे दान नाही असे धरून चालतो. प्रेषितांची कृत्ये यांच्या ६ व्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपालाही आणि वचनाच्या कामालाही ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, ही गोष्ट तरुण संघात आणि महिला मंडळात एकदा उघडून दाखवावी. तो प्रसंगही सुंदर आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटपात डावलले जात होते, तक्रार झाली, आणि मंडळीने तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवण्याऐवजी सात माणसे नेमून काम त्यांच्या हाती दिले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे विशेष. कुरकुर हीदेखील कोणीतरी काहीतरी पाहिले असल्याची खूण असते. म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या सभेत तिची नोंद घ्यावी.

दुसरी पायरी : कोण आले नाही ते पाहणे

आठ ते दहा घरांमागे दोन माणसे, एवढी साधी विभागणी पुरते. त्याहून जास्त घरे घेतली तर लक्ष ठेवणे संपते आणि यादी ठेवणे सुरू होते. या दोघांनी घरी एक शंभर पानी वही ठेवावी आणि रविवारी उपासनेनंतर त्यात तीनच गोष्टी लिहाव्यात : कोण आले नाही, कोण आले पण कोणाशी न बोलता निघून गेले, आणि या आठवड्यात कोणाच्या घरी परीक्षा, शस्त्रक्रिया, कोर्टाची तारीख किंवा वर्षश्राद्धासारखा जड दिवस आहे. (ख्रिस्ती घरात वर्षश्राद्ध नसते असे कोणी म्हणेल, पण स्मरणदिनाचे ओझे नाव बदलल्याने हलके होत नाही.) ही वही मंडळीच्या दप्तरात जाता कामा नये आणि तिचे फोटो कोणालाही पाठवू नयेत.

वहीचा उपयोग कसा होतो ते सांगतो. आमच्याकडे तिसऱ्या बाकावर, पंख्याखाली बसणारी एक आजी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सहा रविवार आली नाही. तिची प्रकृती बरी नसावी असे गृहीत धरून आम्ही तिच्यासाठी उपासनेत प्रार्थना करत होतो. भेटायला गेलेल्या बाईंनी मात्र तिला सरळ विचारले, "आजी, तुम्ही घरातून निघता तिथपासून बाकापर्यंत कुठे अडतं?" तेव्हा कळले की प्रकृती ठणठणीत होती, चर्चच्या सात पायऱ्यांना कठडा नव्हता आणि एका डोळ्याने तिला पायरीची कड दिसत नव्हती. मंडळीतल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याने शनिवारी दुपारी लोखंडी पाइपचा कठडा बसवून दिला. सहा आठवडे आम्ही देवाला सांगत होतो ते काम वेल्डिंगच्या यंत्राने अडीच तासांत झाले, आणि हे लिहिताना मला आजही थोडी लाज वाटते.

तिसरी पायरी : घरभेट

घरभेटीला दोघांनी जावे, बाई एकटी असेल तर बरोबर एक बाई असावी, आणि आधी फोन करावा. अचानक गेले म्हणजे आपुलकी दिसते ही समजूत खेड्यात खरी असेल. शहरातल्या एका खोलीच्या घरात अचानक गेलेला पाहुणा म्हणजे घाईघाईने गुंडाळलेली गादी आणि शेजारून उसने आणलेले दूध. वीस-पंचवीस मिनिटे बसावे. "चर्चला का येत नाही?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी सबबच असते, आणि एकदा सबब सांगून झाली की त्या माणसाला ती पुढे जपत बसावे लागते. घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन चौकशी करावी, मग गप्प बसून ऐकावे. वचन वाचायचेच असेल तर ते ऐकून झाल्यावर, त्या घरच्या स्थितीला लागू पडेल असे, चार-पाच ओव्यांपेक्षा जास्त नाही. प्रार्थना करताना नुकतेच विश्वासाने सांगितलेले घरचे गुपित देवाला पुन्हा तपशिलाने सांगू नये. शेजारच्या खोलीत सासू ऐकत असते.

निघताना आपल्या मनाला एकच प्रश्न विचारावा : या घराला आत्ता काय हवे आहे? थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१४) पौलाने माणसांचे जे वर्गीकरण केले आहे ते येथे फार उपयोगी पडते. बेशिस्त वागणाऱ्यांना ताकीद, खचलेल्यांना धीर, अशक्तांना आधार, आणि सर्वांच्या बाबतीत सहनशीलता. आपल्या हातून होणारी चूक बहुधा औषधांच्या अदलाबदलीची असते. नोकरी गेल्यामुळे खचलेल्या माणसाला आपण आळशी समजून ताकीद देतो, आणि बेशिस्त पण मोठ्या घरच्या माणसाला धीर देत बसतो.

चौथी पायरी : नेमके बोलणे

"प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो, छान सेवा करता" या वाक्याने कोणाचे वाईट होत नाही, पण त्यातून कोणाला पुढे काय करावे हेही कळत नाही. त्याऐवजी पाहिलेली गोष्ट पाहिली तशी सांगावी : "मागच्या रविवारी तो नवा मुलगा मागे एकटाच उभा होता, तू तुझं गीतांचं पुस्तक त्याच्या हातात दिलंस आणि पान काढून दिलंस, ते मी पाहिलं. तो आज परत आलाय." या बोलण्यात स्तुतीचा एकही शब्द नाही, तरी ते ऐकणाऱ्याला आपली कृती दिसली आणि तिचा परिणाम कळला, आणि पुढच्या वेळी तो ऐकणारा आपण होऊन मागे पाहील. लहानांना हे सर्वांसमोर सांगितलेले आवडते. पुरुषांना बहुधा एकट्यात, पार्किंगमध्ये स्कूटर काढताना.

व्हॉट्सअॅपच्या गटाविषयी येथेच लिहितो. एखादा आजारी असल्याचा निरोप पडला की दहा मिनिटांत चाळीस जोडलेले हात उमटतात आणि प्रत्येकाला वाटते की उरलेल्या एकोणचाळिसांतला कोणीतरी गेला असेल. याकोबाने आपल्या पत्रात (२:१५-१६) उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" असे नुसते म्हणणाऱ्याविषयी जे लिहिले आहे, त्याची ही अगदी अद्ययावत आवृत्ती आहे. आमच्या गटात आम्ही एक नियम केला : आजाराचा निरोप टाकणाऱ्यानेच त्याखाली आज कोण जाणार आहे त्याचे नाव लिहायचे, आणि नाव ठरेपर्यंत निरोप टाकायचा नाही. निरोप कमी झाले आणि भेटी वाढल्या.

पाचवी पायरी : माणूस पाहून काम मागणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती चुकली की बाकी सर्व चांगुलपणा वाऱ्यावर जातो. मी स्वतः पंच असताना व्यासपीठावरून जाहीर केले होते की जिल्हा रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ज्यांना शक्य आहे त्यांनी डबा द्यावा. दोनशे माणसांनी ते ऐकले आणि एकही डबा आला नाही. ते कठोर मनाचे नव्हते. 'ज्यांना शक्य आहे' यात आपण येतो असे कोणालाच वाटले नव्हते. पुढच्या आठवड्यात चार घरी जाऊन सांगितले, "मंगळवारच्या बारा डब्यांपैकी तीन तुमचे, पोळ्या आणि सुकी भाजी, सकाळी अकरापर्यंत, सहा मंगळवार." चारही घरांनी होकार दिला. काम नेमके असावे, मुदत ठरलेली असावी आणि नकार देण्याची मोकळीक खरी असावी. विशेषतः मुदत. मुदत नसलेले काम घ्यायला शहाणा माणूस कचरतो, आणि भोळा माणूस घेऊन वर्षभरात मोडतो.

माणूस पाहून काम मागण्यात बर्णबाचा हात धरणारा कोणी नाही. त्याचे खरे नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणजे बोधपुत्र हे नाव दिले. यरुशलेमेत सगळे शौलाला (पुढे तोच पौल) भीत असताना बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेऊन त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि अंत्युखियात काम वाढले तेव्हा शौलाला शोधायला स्वतः तार्सापर्यंत गेला. पुढे मार्क अर्ध्या वाटेतून परतला म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार नव्हता. तेव्हा वर सांगितलेला पारोक्सिस्मोस झाला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला निघून गेला. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हाच पौल मार्काला बरोबर घेऊन ये म्हणतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. एकदा खजिन्याचा हिशेब चुकलेला, एकदा नाटकाच्या तालमीतून निघून गेलेला, एकदा पंचांशी भांडलेला असा एखादा मार्क प्रत्येक मंडळीत असतो. त्याला दुसरे काम देणारा बर्णबा किती मंडळ्यांत आहे, याविषयी मी फारसा आशावादी नाही.

ज्याला आपण मदत करतो त्याच्याकडूनही काम मागावे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि स्त्रिया आणून केडगावला त्यांना आसरा दिला, पण त्यांना नुसत्या आश्रित म्हणून ठेवले नाही. त्या शिकल्या, शेतात आणि मागावर राबल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या, आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर केडगावच्या याच आश्रमाच्या, मुक्ती मिशनच्या, छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापले गेले. आमच्या कठड्याच्या आजीला जुन्या भजनांच्या चाली तोंडपाठ आहेत, तरुण संघाला त्यातल्या निम्म्या माहीत नाहीत. आता शनिवारी दुपारी दोन मुली तिच्याकडे पेटी घेऊन जातात. तिच्या घरी चहा होतो, औषधे वेळेवर घेतली जातात का ते आपोआप कळते, आणि रविवारी नवे गीत येते. या भेटीला कोणीही मदतकार्य म्हणत नाही, म्हणून ती टिकली आहे.

सहावी पायरी : एकत्र एक काम

पाच उपक्रमांपेक्षा एक पुरे. रुग्णालयाच्या डब्यांचाच नमुना घेऊ. सरकारी रुग्णालयात रुग्णाला जेवण मिळते. गावाहून आलेला नातेवाईक मात्र वडापाववर दिवस काढतो. आधी रुग्णालयाच्या कार्यालयाची आणि वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरची परवानगी घ्यावी, कारण कोणाला किती गरज आहे हे त्यांना ठाऊक असते. आमटी देऊ नये, ती सांडते. स्टीलचे डबे देऊ नयेत, ते परत मागताना मन ओशाळते. कागदात पोळ्या, सुकी भाजी, एक केळे, पाण्याची बाटली. वाटायला नेहमी एक मोठा आणि एक लहान अशी जोडी न्यावी. बारावीतला मुलगा तेथे काय शिकतो ते कोणत्याही संदेशातून शिकवता येत नाही.

तरुण संघाला रक्तदान जास्त जमते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असेल तर पुरुषांना दर ९० दिवसांनी आणि स्त्रियांना दर १२० दिवसांनी रक्त देता येते, तेव्हा नावे आणि तारखा लिहून ठेवल्या तर नाताळच्या एका मोठ्या शिबिरापेक्षा वर्षभर दोघे-चौघे उपलब्ध राहतात. क्षयरुग्णांना उपचाराच्या काळात दरमहा आहाराची टोपली देण्याची नि-क्षय मित्र योजना २०२२ पासून आहे. त्यात रुग्णाची संमती आणि त्याचे नाव गुप्त ठेवणे ही पहिली अट समजावी.

मंडळीबाहेरच्या माणसाला मदत करताना पोळीच्या कागदात धर्मप्रचाराची पत्रिका घालू नये, हे माझे ठाम मत आहे. येशूच्या दृष्टान्तातल्या शोमरोनी माणसाने वाटेत पडलेल्याच्या जखमा बांधल्या, उतारशाळेत पैसे भरले आणि तो निघून गेला. भुकेल्याला उपकाराच्या बदल्यात ऐकावे लागणे ही प्रीती नव्हे. कोणी आपण होऊन विचारले तर सांगण्याचे आपल्याला स्वातंत्र्य आहेच.

पैसा आणि फोटो यांविषयी थोडक्यात : हिशेब दोघांच्या सहीने, पावती नेहमी, रक्कम दर महिन्याला फलकावर, मदत घेणाऱ्याचे नाव कधीही नाही, आणि डबा घेणाऱ्या हाताचा फोटो तर मुळीच नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, मग ते फेसबुकला का कळावे?

सातवी पायरी : कडू बोलायची वेळ

सोबत काम करू लागले की भांडणे होतात, आणि ती व्हावीतही. जिथे कधीच भांडण होत नाही तिथे बहुधा कोणी कामच करत नसते. मत्तय १८:१५ चा क्रम पाळावा : आधी एकट्याने, त्याच्या घरी, समोरासमोर. फोनवर नाही, गटात नाही, आणि प्रार्थनेच्या नावाखाली तर अजिबात नाही. "अमुक भावाला प्रभूने नम्रता द्यावी" ही सभेतली प्रार्थना म्हणजे डोळे मिटून केलेली चहाडी आहे. बोलताना एक घटना सांगावी, स्वभावावर जाऊ नये, आणि शेवटी आपले काय चुकले ते विचारून उत्तर ऐकून घ्यावे. करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रीती चिडत नाही असे जेथे म्हटले आहे (१३:५), तेथे त्याच पारोक्सिस्मोस शब्दाच्या घरचे क्रियापद आहे. दुसऱ्याला जागे करण्याइतके तिखट व्हावे, स्वतः भडकू नये. ही कसरत जमायला मला बरीच वर्षे लागली आणि अजून दर वेळी जमते असे नाही.

सगळीच माणसे आपल्या वेगाने येत नाहीत. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे एकमेकांवर जीव असलेल्या दोघांना वेगवेगळ्या वाटांवर काढावी लागली, आणि जेव्हा लक्ष्मीबाई आल्या तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी आल्या. आपण मात्र तीन भेटींत माणूस बदलला नाही की वहीतून त्याचे नाव खोडतो.

आठवी पायरी : थकलेल्यांना बसवणे

सहा आठवडे झाले की डब्यांची चारही घरे बदलावीत, मग कोणी कितीही "आम्ही करू की" म्हणोत. जी बाई नेहमी हो म्हणते तिच्या घरी आधी जावे, कारण तिला नकार देता येत नाही हे तिच्या तोंडून कधीच कळणार नाही. ओट्यावर न घासलेली भांडी दिसली की कळते. पाळकांच्या घरीही कोणीतरी घरभेटीला जावे. त्यांच्याकडे आपण दुःख घेऊन जातो, क्वचित कोणी भाजी घेऊन जातो.

आमच्या आजीचे मघाशी अर्धे सांगितले. ती आता उपासनेच्या वीस मिनिटे आधी येते, कठड्याला धरून सात पायऱ्या चढते आणि वर आल्यावर तिथेच खुर्ची टाकून बसते. येणाऱ्या प्रत्येकाचा सलाम घेते. एक डोळा अजून धूसरच आहे, त्यामुळे चेहरे ओळखत नाही. चालीवरून आणि आवाजावरून ओळखते. मागच्या रविवारी शेवटचे गीत संपल्यावर तिने मला बाहीला धरून थांबवले आणि म्हणाली, "भाऊ, ती खोकणारी मुलगी, नर्सिंगला आहे ती, दोन रविवार आली नाही. खोलीवर एकटी असते ना? आज जाऊन ये, आणि जाताना माझ्याकडून भाकरी घेऊन जा."